पाटीवरचा आकडा, संगणकाची संख्या आणि 'होय-नाही'चा निर्णय

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीतील पेट्रोल पंपांवर एक नवा नियम लागू झाला. दहा वर्षांपेक्षा जुने डिझेल वाहन किंवा पंधरा वर्षांपेक्षा जुने पेट्रोल वाहन पंपावर आल्यास त्याला इंधन देऊ नये, असे निर्देश राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि परिसराच्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने दिले होते. वाहन जुने आहे की नाही, हे ओळखण्याचे काम पंपावर बसवलेल्या कॅमेऱ्यांवर सोपवण्यात आले. कॅमेऱ्याने नोंदणी क्रमांकाची पाटी वाचायची, तो क्रमांक 'वाहन' या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत शोधायचा, नोंदणीच्या तारखेवरून वय काढायचे आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यायची, अशी ही योजना होती.

अवघ्या दोन दिवसांनी, ३ जुलै रोजी, दिल्ली सरकारने आयोगाला पत्र पाठवून ही अंमलबजावणी थांबवण्याची विनंती केली. कॅमेऱ्यांची जागा, बंद पडलेले संवेदक, ध्वनिक्षेपकांतील बिघाड, शेजारच्या राज्यांच्या नोंदींशी पूर्ण न झालेली जोडणी आणि पाट्यांमुळे वाहन ओळखण्यात येणाऱ्या अडचणी ही कारणे त्यात देण्यात आली होती. आयोगाने त्यानंतर नियमाची तारीख पुढे ढकलली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला.

या प्रकरणाची कायदेशीर बाजू मोठी आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मधल्या एका लहानशा पायरीचा. पाटीवर असतो तो मजकूर. वय ही संख्या असते. इंधन द्यायचे की नाही, याचे उत्तर मात्र केवळ 'होय' किंवा 'नाही' असते. मजकुरापासून संख्येपर्यंत आणि संख्येपासून होय-नाहीपर्यंतचा हा प्रवास माणूस इतक्या सहज करतो की तो प्रवास आहे हेच त्याला जाणवत नाही. संगणकाला मात्र प्रत्येक पाऊल सांगावे लागते, आणि ते चुकीचे सांगितले गेले तर बहुतेक वेळा तो तक्रार न करता चुकीचे उत्तर देतो.

मजकूर आणि संख्या

संगणकाच्या दृष्टीने '४५' हा मजकूर आणि ४५ ही संख्या या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मजकूर म्हणजे ओळीने मांडलेल्या खुणा. प्रोग्रामरांच्या भाषेत तिला 'स्ट्रिंग' म्हणतात. '४५' या स्ट्रिंगला '५' ही स्ट्रिंग जोडली तर उत्तर '४५५' येते, कारण खुणेपुढे खूण ठेवली जाते. ४५ या संख्येत ५ मिळवले तर ५० येतात. सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज असो की बँकेचे यंत्र, माणसाने कळफलकावरून टाइप केलेली प्रत्येक गोष्ट संगणकाकडे प्रथम मजकूर म्हणूनच पोहोचते.

हा मजकूर संख्येत कसा बदलतो? प्रत्येक खुणेला संगणकात एक सांकेतिक क्रमांक असतो. इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंकांपैकी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि नवाचा ५७. चाराचा क्रमांक ५२, पाचाचा ५३. प्रोग्राम पहिली खूण घेतो, तिच्या क्रमांकातून ४८ वजा करतो आणि त्याला ४ मिळतात. पुढे आणखी एक खूण आहे असे दिसताच तो ४ ला दहाने गुणतो, दुसऱ्या खुणेतून ४८ वजा करून मिळालेले ५ त्यात मिळवतो आणि ४५ ही संख्या तयार होते. शाळेत शिकवलेली एकक-दशकाची रीतच येथे डावीकडून उजवीकडे वापरलेली असते.

रूपांतर केलेच नाही तर काय होते, याचा अनुभव संगणक वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आलेला असेल. 'भाग १' ते 'भाग १२' अशा नावांच्या फाइली क्रमाने लावल्या तर अनेक प्रणालींत 'भाग १' नंतर 'भाग १०', 'भाग ११' आणि 'भाग १२' येतात व त्यानंतर 'भाग २' येतो. शब्दकोशात शब्द लावावेत तसे संगणकाने ते लावलेले असतात. याच न्यायाने '९८' हा मजकूर '४०१' पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिल्या खुणेत नऊ हे चाराच्या पुढे आहेत. फाइलींच्या बाबतीत हे गमतीचे वाटते. दिल्लीच्या हवेच्या निर्देशांकाच्या बाबतीत ते तसे वाटणार नाही. त्याकडे पुढे येऊ.

सम-विषम आणि बूल

होय-नाहीच्या मूल्यांना संगणकशास्त्रात 'बुलियन' म्हणतात. हे नाव जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून पडले. १८१५ ते १८६४ हा त्यांचा काळ. तर्कशास्त्रातील विधाने बीजगणिताप्रमाणे मांडता येतात, हे त्यांनी १८४७ आणि १८५४ मधील ग्रंथांतून दाखवले. भारतीय वाचकांसाठी एक ओघात आलेली माहिती: त्यांच्या पत्नी मेरी या, ज्यांचे नाव सर्वोच्च शिखराला देण्यात आले, त्या भारताचे महासर्वेक्षक सर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत.

दिल्लीकरांना बुलियन मूल्याचा रस्त्यावरचा अनुभव १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात आला. विषम तारखेला विषम क्रमांकाच्या आणि सम तारखेला सम क्रमांकाच्या मोटारी, असा तो प्रयोग होता. त्याच वर्षी १५ ते ३० एप्रिल आणि नंतर ४ ते १५ नोव्हेंबर २०१९ या काळात तो पुन्हा करण्यात आला. पहिल्या वर्षी दंड २,००० रुपये होता, २०१९ मध्ये तो ४,००० रुपये झाला. चौकातील पोलीस पाटीकडे पाहत, शेवटचा अंक टिपत आणि मोटार जाऊ देत किंवा अडवत. शून्य हा सम अंक आहे की नाही, अशी शंकाही त्या दिवसांत अनेकांनी विचारली. तो सम आहे.

हेच काम प्रोग्रामकडून करून घ्यायचे असेल, तर पाटीवरच्या मजकुरातील केवळ शेवटची खूण उचलावी, तिचा अंक करावा, त्याला दोनने भागावे आणि बाकी शून्य उरते का ते पाहावे. चार ओळींचे काम आहे. परंतु एखाद्याने शेवटच्या खुणेऐवजी अखेरचे चारही अंक एकदम संख्येत बदलायचे ठरवले तर? '१२३४' चे १२३४ होतील, काही बिघडणार नाही. पाटीवर '०००९' असेल, तर मात्र गाठ एका जुन्या संकेताशी पडण्याची शक्यता आहे.

आरंभीचे शून्य

'सी' ही संगणकभाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडली. आरंभी शून्य असलेली संख्या आठाच्या पायावर वाचावी, असा तिचा संकेत आहे. आठाच्या पायावरील पद्धतीत अंक शून्यापासून सातपर्यंतच असतात. आठ आणि नऊ हे अंक तेथे नाहीतच. 'सी' मधील रूपांतराच्या एका प्रमाणित आज्ञेला 'पाया तूच ओळख' असे सांगितले, की '०००९' मधील तीन शून्ये ती वाचते, नवापाशी थांबते आणि शून्य हे उत्तर देते. शून्य सम. म्हणजे लिलावात मोठी किंमत मोजून घेतलेला ०००९ हा विषम क्रमांक सम ठरतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतही कित्येक वर्षे हीच गत होती. २००९ च्या अखेरीस आलेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीच्या मानकाने हा संकेत त्या रूपांतरातून काढून टाकला.

राजधानी क्षेत्रात या शून्याची आणखी चांगली उदाहरणे दूरध्वनीच्या एसटीडी क्रमांकांत सापडतात. दिल्लीचा क्रमांक ०११, गुरुग्रामचा ०१२४, नोएडा व गाझियाबादचा ०१२० आणि फरिदाबादचा ०१२९. आठाच्या पायावर वाचल्यास ०११ चे ९ होतात, ०१२४ चे ८४ आणि ०१२० चे ८०. फरिदाबादच्या बाबतीत वाचन नवापाशी थांबते आणि '०१२' एवढाच भाग हाती लागून उत्तर १० येते. पुण्याचा ०२० त्याच रीतीने १६ होतो आणि मुंबईचा ०२२ होतो १८. दहाच्या पायावर नीट वाचले तरी अडचण संपत नाही, कारण तेथे ०११ चे ११ होतात आणि आरंभीचे शून्य नाहीसे होते.

याचा अर्थ असा, की प्रत्येक अंकमय मजकुराची संख्या करू नये. बेरीज-वजाबाकी, तुलना किंवा सरासरी करायची असेल तरच रूपांतर करावे. ज्या अंकांचे काम केवळ ओळख पटवण्याचे आहे ते मजकूरच राहू द्यावेत. टपाल खात्याचा पिनकोड हे याचे उत्तम उदाहरण. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आलेल्या या सहा अंकी पद्धतीचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाला दिले जाते. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतमधील मान्यवर कवीही होते. दिल्लीचा पिनकोड ११ ने सुरू होतो, गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात असल्याने त्यांचा १२ ने, तर नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात असल्याने त्यांचा २० ने. मेट्रोत बसून माणूस हे तिन्ही विभाग ओलांडतो. नोएडाच्या २०१३०१ मधून नवी दिल्लीचे ११०००१ वजा करता येतात, पण येणाऱ्या बाकीला काही अर्थ नसतो.

भारतीय पिनकोडाचा पहिला अंक कधी शून्य नसतो, म्हणून तो चुकून संख्या झाला तरी निभावून जाते. अमेरिकेत बॉस्टन शहराचे टपाल क्रमांक शून्याने सुरू होतात आणि ते संख्या म्हणून साठवल्यास पाचाचे चार अंक होतात. आपल्याकडील अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. पत्त्यात '४०० ००१' असे मध्ये जागा सोडून लिहिण्याची रीत आहे. काही भाषांतील रूपांतर त्या मोकळ्या जागेपाशी थांबते आणि मुंबई किल्ल्याचा पिनकोड केवळ ४०० उरतो. 'पुणे ३०' किंवा 'दिल्ली ६' हे तर टपालवाल्याला कळते, प्रोग्रामला नाही. पुणे ३० म्हणजे ४११०३०, ही माहिती त्या मजकुरात नाही. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात आहे.

तारखांची आणि अंकांची अशी परस्पर रूपांतरे करण्याची हौस तक्ते बनवणाऱ्या सॉफ्टवेअरांना विशेष असते. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण 'मार्च १' सारखी त्यांची लघुरूपे एक्सेलमध्ये लिहिताच १ मार्च ही तारीख होऊन जात. शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरपुढे हात टेकले, असेच म्हणावे लागेल.

देवनागरी अंकांचे काय?

या लेखातील सर्व आकडे देवनागरीत आहेत. यांपैकी एखादा उचलून प्रोग्रामला दिला तर तो वाचेल का? उत्तर भाषेवर अवलंबून आहे. पायथन ही भाषा '१२३' हा देवनागरी मजकूर निःशंकपणे १२३ या संख्येत बदलते. जावाही बदलते. जावास्क्रिप्ट मात्र 'ही संख्या नव्हे' अशा अर्थाचे एक खास मूल्य परत करते. 'सी' मधील साधे रूपांतर शून्य देते, आणि हे सर्वांत वाईट, कारण मजकूर खरोखरच शून्य होता की वाचताच आला नाही, हे त्यावरून समजत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नवाचा २४१५. पाचाचा येतो २४११. वर सांगितलेली रीत आंधळेपणाने वापरून त्यातून ४८ वजा केले तर पाचाऐवजी २३६३ मिळतात. वजा करायला हवेत २४०६. म्हणजे प्रोग्रामरने केवळ इंग्रजी वाचकाचा विचार केला होता की अन्य लिप्यांचाही, हे या एका वजाबाकीवरून कळते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्येच स्वीकारले होते. तरीही युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फॉन्ट असे. अशा काही फॉन्टांत पडद्यावर देवनागरी पाच दिसे, पण आत इंग्रजीचाच पाच असे. वाचकाला फरक दिसत नसे. रूपांतर मात्र अपघातानेच बरोबर होई.

कोणते अंक वापरावेत, हा प्रश्न दिल्लीला नवा नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राजभाषेवर जी चर्चा झाली, तिच्यात लिपीइतकाच अंकांचाही वाद झाला होता. पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारखे नेते देवनागरी अंकांच्या बाजूने होते. १४ सप्टेंबर रोजी तडजोड झाली आणि संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी, परंतु अंक मात्र भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप, असे अनुच्छेद ३४३ मध्ये नमूद झाले. देवनागरी अंकांचाही जोडीने वापर करण्याची परवानगी राष्ट्रपतींच्या आदेशाने देण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. महाराष्ट्र शासनाच्या मराठी कागदपत्रांत मात्र देवनागरी अंक सर्रास दिसतात. त्यामुळे दिल्लीत तयार झालेली प्रणाली आणि महाराष्ट्रातून आलेला कागद एकत्र येतात तेव्हा दोन अंकपद्धतींची गाठ पडते.

वाहनांच्या पाट्यांपुरता हा प्रश्न नियमाने सोडवलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५० व्या नियमाप्रमाणे पाटीवरील अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय असावे लागतात. नोंदणीच्या मालिकांत इंग्रजी 'आय' आणि 'ओ' ही अक्षरे टाळली जातात, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. पण महाराष्ट्रातील रस्त्यांवर नियमाला बगल देणारी कल्पकता वाचकांनी पाहिलेली आहेच: इंग्रजीतील ४१४१ वळणदार लिहून 'दादा', २१४ चे 'राम'. येथे रूपांतराचा क्रम उलटा होतो. संख्या मजकुराचे सोंग घेते. माणूस दोन्ही वाचतो आणि हसतो. कॅमेऱ्याला दोन्हींपैकी एकही धड वाचता येत नाही, आणि बहुधा पाटी रंगवणाऱ्याचा हेतूही तोच असतो.

निरनिराळ्या लिप्यांतील अंक एकमेकांसारखे दिसण्याचा धोकाही आहे. बंगाली लिपीतील चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो. पायथन एकाच मजकुरात दोन लिप्यांचे अंक आले तरी ते मान्य करते. तेव्हा पडद्यावर ऐंशीचा आभास निर्माण करणारा मजकूर आत चाळीस असू शकतो. पैशांचा व्यवहार असेल तेथे ही उदारता महाग पडू शकते.

स्वल्पविराम, दोन टिंबे आणि अडीच

संख्या वाचण्यासाठी माणूस जी विरामचिन्हे घालतो, ती यंत्राच्या वाटेतील दगड असतात. आपण एक लाख हे '१,००,०००' असे लिहितो, पाश्चात्य लोक '१००,०००' असे. पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबणारे रूपांतर आपल्या लाखाचा एक करते आणि त्यांच्या लाखाचे शंभर. जर्मनीत स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह आहे, तेव्हा '१,५' म्हणजे दीड.

महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर क्षेत्र 'हेक्टर, आर आणि चौरस मीटर' अशा तीन भागांत येते. '१.२०.५०' म्हणजे एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. या मजकुरात दोन टिंबे आहेत आणि दशांश अपूर्णांकात एकच असू शकते. काटेकोर भाषा हा मजकूर नाकारते. सैल भाषा दुसऱ्या टिंबापाशी थांबून १.२० एवढीच संख्या उचलते आणि शेवटचे पन्नास चौरस मीटर गळून पडतात. शहरात तेवढ्या जागेत एक सदनिका उभी राहते. योग्य मार्ग हाच, की तिन्ही तुकडे वेगळे करावेत, प्रत्येकाची पूर्ण संख्या करावी आणि आराचे शंभर व हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर धरून बेरीज करावी: १२,०५०.

शब्दांत लिहिलेल्या संख्या तर आणखी अवघड. दिल्लीतील वृत्तकक्षात इंग्रजी मसुद्यातील दीड मिलियनचे 'पंधरा लाख' करताना भाषांतरकाराला क्षणभरच थांबावे लागते. त्याच कामासाठी प्रोग्रामला 'सव्वा', 'दीड', 'अडीच', 'पावणेदोन' आणि 'साडेतीन' यांचे वेगवेगळे नियम द्यावे लागतात. 'साडे' नंतरच्या संख्येत अर्धा मिळवायचा, 'पावणे' नंतरच्या संख्येतून पाव वजा करायचा, आणि दीड व अडीच यांना स्वतंत्र ओळखायचे. मराठीत अकरा ते नव्व्याण्णव हे आकडे जवळजवळ एकेक करूनच पाठ करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता. भाषेच्या दृष्टीने त्या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते. यंत्राचा कौल मात्र निश्चितपणे 'पन्नास तीन' च्या बाजूने पडला असता.

हवेचा निर्देशांक: शून्य की माहिती नाही?

आता दिल्लीच्या हवेकडे. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाची घोषणा ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली आणि ६ एप्रिल २०१५ रोजी तो सुरू झाला. तो शून्य ते ५०० या पट्टीवर मोजला जातो. राजधानी क्षेत्रातील टप्पेनिहाय कृती आराखडा, ज्याला 'ग्रॅप' म्हणतात, तो याच निर्देशांकाशी जोडलेला आहे. २०१ पासून पहिला टप्पा, ३०१ पासून दुसरा, ४०१ पासून तिसरा आणि ४५० च्या वर चौथा. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी आठ वाजल्यापासून दिल्लीत चौथा टप्पा लागू झाला होता. चौथ्या टप्प्यात अत्यावश्यक सेवा आदी अपवाद वगळता ट्रकना शहरात प्रवेश नसतो आणि बांधकामे थांबतात. म्हणजे 'निर्देशांक ४५० पेक्षा मोठा आहे का?' या एका बुलियन प्रश्नावर मजुरांची रोजंदारी अवलंबून असते.

शहराचा निर्देशांक हा निरनिराळ्या केंद्रांच्या निर्देशांकांची सरासरी असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा केंद्रे आहेत. नऊ ठिकाणी ४५२ अशी नोंद आहे. दहाव्या केंद्राचे यंत्र बंद असल्याने तेथे संख्येऐवजी 'उपलब्ध नाही' असा मजकूर आलेला आहे. नऊ केंद्रांची सरासरी ४५२ येते, म्हणजे चौथा टप्पा. पण वाचता न आलेल्या मजकुराचे शून्य करणारे रूपांतर वापरले, तर ४,०६८ ला दहाने भागले जाते आणि उत्तर येते सुमारे ४०७. तिसरा टप्पा! हवा तीच, फुप्फुसेही तीच, पण ट्रक रस्त्यावर.

'ही संख्या नव्हे' असे खास मूल्य देणारी भाषा वापरली, तर बचाव होतो का? पूर्णपणे नाही. त्या मूल्याचा एक विलक्षण गुण असा, की त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना 'नाही' असेच उत्तर देते. एक केंद्र बिघडले की सरासरीही 'संख्या नव्हे' होते. ती ४५० पेक्षा मोठी आहे का, तर नाही. ४०१ किंवा त्याहून मोठी आहे का, तर तेही नाही. २०१ पासून पुढे आहे का, तर तेही नाही. मग प्रोग्राम एकही निर्बंध लावणार नाही, आणि चूक झाल्याची कोणतीही खूण मागे ठेवणार नाही. पायथन अशा वेळी रूपांतरच नाकारते आणि प्रोग्राम थांबतो. थांबलेला प्रोग्राम कार्यालयात कुणालाही आवडत नाही. पण या प्रसंगी तोच सर्वांत प्रामाणिक असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत यासाठी आधीच अट घातलेली आहे. किमान तीन प्रदूषकांची माहिती असावी, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० यांपैकी एक असावे आणि चोवीस तासांपैकी निदान सोळा तासांच्या नोंदी असाव्यात. अन्यथा निर्देशांक काढला जात नाही. म्हणजे येथे होय आणि नाही यांच्या जोडीला 'माहिती अपुरी' असे तिसरे उत्तर मान्य केलेले आहे. बूल यांच्या बीजगणितात ते नव्हते. माहितीचा साठा हाताळणाऱ्या आजच्या प्रणालींत त्यासाठी 'नल' ही वेगळी खूण असते.

'नाही' या शब्दाचे 'होय' कसे होते?

मजकुराचे थेट बुलियन मूल्य करणे हा सर्वांत फसवा प्रकार आहे. पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांत मजकुराला 'तू खरा की खोटा?' असे विचारले, तर त्या केवळ मजकूर रिकामा आहे की नाही एवढेच पाहतात. रिकामा असेल तर खोटा, काहीही लिहिलेले असेल तर खरा. त्यामुळे 'खोटे' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, तरी उत्तर 'खरे' येते. अर्जात 'अन्य योजनेचा लाभ घेतला आहे काय?' या प्रश्नापुढे अर्जदाराने 'नाही' लिहिले आणि ते असे तपासले गेले, तर त्याने लाभ घेतल्याची नोंद होईल. पीएचपी या भाषेत 'शून्य' हा एका अंकाचा मजकूर खोटा ठरतो, पण 'शून्य पूर्णांक शून्य' हा मजकूर खरा ठरतो. याचे समर्थन कुणाला करावेसे वाटेल असे नाही.

उलट बाजूची चूकही प्रसिद्ध आहे. सॉफ्टवेअरच्या मांडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'यॅमल' या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत इंग्रजी 'यस' आणि 'नो' हे शब्द आपोआप बुलियन होत. देशांच्या दोन अक्षरी संक्षेपांची यादी दिली, की नॉर्वेचा 'एनओ' हा संक्षेप 'नाही' होऊन बसे. २००९ मधील सुधारित आवृत्तीने ही सवय सोडली, तरी जुन्या रीतीने वाचणारी साधने पुढेही वापरात राहिली.

मराठी अर्जाच्या बाबतीत तर 'होय', 'हो', 'आहे', 'नाही', 'नाहीत', 'निरंक', 'लागू नाही' असे सगळे येणार. यांतील 'निरंक' म्हणजे शून्य आणि 'लागू नाही' म्हणजे प्रश्नच गैरलागू. यांची यादी करून प्रत्येकाचे मूल्य ठरवून देणे आणि यादीबाहेरचा शब्द आल्यास तो माणसाकडे पाठवणे, यापलीकडे सोपा उपाय नाही.

पुन्हा पेट्रोल पंपावर

नोंदणीची तारीख '०५/११/२०१०' अशी लिहिलेली आहे, असे समजू. भारतीय वाचनाप्रमाणे हा ५ नोव्हेंबर. अमेरिकी पद्धतीप्रमाणे ११ मे. वाहन पेट्रोलचे आहे आणि ते १ जुलै २०२५ रोजी पंपावर आले आहे. मे महिन्यात नोंदणी झालेली असेल तर पंधरा वर्षे उलटून गेलेली आहेत. नोव्हेंबरमध्ये झालेली असेल तर चार महिने बाकी आहेत. एकाच मजकुरातून एकदा 'इंधन देऊ नका' आणि एकदा 'द्या' अशी दोन उत्तरे निघतात. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक याचसाठी आहे. त्या क्रमाने लिहिलेल्या तारखा मजकूर म्हणून लावल्या तरी कालक्रमानेच लागतात.

वयाऐवजी उत्सर्जनाच्या मानकावरून निर्णय घ्यावा, असा युक्तिवाद जुन्या वाहनांच्या वादात पुष्कळदा केला जातो. ग्रॅपच्या तिसऱ्या टप्प्यातील निर्बंध तसेच आहेत. ते 'बीएस-३' पेट्रोल आणि 'बीएस-४' डिझेल मोटारींसाठी असतात. हा दर्जाही मजकूरच. त्यातील अक्षरे काढून उरलेल्याची संख्या केली तर आडवी रेघ वजाचे चिन्ह ठरते आणि 'बीएस-४' चे उणे चार होतात. उणे चार हे उणे तीनपेक्षा लहान, म्हणून जुने वाहन नव्याहून सरस ठरते. अधिकृत कागदांवर हे आकडे बहुधा रोमन पद्धतीने लिहितात, आणि तेथे योगायोग मदतीला येतो: रोमन तीन, चार, पाच आणि सहा हे इंग्रजी वर्णक्रमाने लावले तरी बरोबर क्रमाने लागतात. दिल्लीत बीएस-६ इंधन १ एप्रिल २०१८ रोजी आले, १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना बीएस-६ मानक लागू झाले आणि पाचवी पायरी वगळण्यात आली. हा योगायोग आठव्या पायरीपर्यंत टिकेल. रोमन नऊ मात्र 'आय' या अक्षराने सुरू होतो आणि वर्णक्रमात तो पाचाच्या मागे जाऊन बसतो.